शब्दचर्चा : आत्मपरीक्षण, आत्मनिरीक्षण आणि ‘पापे पदरी घेणे’

विचारणा

उपवासकाळासाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती व्रतकाळासाठी, एक प्रार्थनापुस्तिका तयार होते आहे. त्यात रोज रात्री सरलेल्या दिवसाकडे वळून पाहण्यासाठी एक पान आहे. त्याला मथळा काय द्यावा? आत्मपरीक्षण, आत्मनिरीक्षण आणि आत्मचिंतन हे तीन शब्द सुचले आहेत. त्यांच्या अर्थात खरोखर फरक आहे का? ख्रिस्ती वापराला कोणता शब्द शोभेल?

उत्तर

फरक आहे. निरीक्षण म्हणजे लक्ष देऊन पाहणे. तिथे बरेवाईट ठरवावेच लागते असे नाही. चिंतन तर मोकळे असते, ते कुठेही जाऊ शकते. परीक्षणात निवाडा येतो, आणि रात्रीच्या या प्रार्थनेत निवाडा टाळता येत नाही. म्हणून माझे मत आत्मपरीक्षणाला.

एक अडचण मात्र आहे. वर्तमानपत्रांनी हा शब्द दुसऱ्याला सुनावण्यासाठी वापरून वापरून झिजवला आहे. ‘पराभवानंतर पक्षाने आत्मपरीक्षण करावे’ या वाक्यात सांगणारा एक आणि करणारा दुसरा. ख्रिस्ती वापरात ही फारकत चालत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून इतरांची पापे मोजतो, स्वतःचे उपास आणि दशांश सांगतो. जकातदार एकच वाक्य बोलतो, तेही स्वतःबद्दल, आणि नीतिमान ठरून घरी जातो.

नव्या करारात प्रेषित पौल आपल्या पत्रांत याच अर्थाने ‘दोकिमाझो’ हे ग्रीक क्रियापद वापरतो. धातू कसाला लावून खरा की खोटा हे ठरवणे, असा त्याचा एक वापर. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:२१) ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा’ असे येते, तिथेही हेच क्रियापद आहे. कस लावायचा तो फक्त खोट काढण्यासाठी नव्हे. खरे सोने हाती राहावे म्हणूनही. फक्त दोष शोधणारे आत्मपरीक्षण अर्धेच होते.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत. पण पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला ११:२८ हा संदर्भ (माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी) स्वतंत्रपणे पाहायला हवा, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच होतो. ‘मी अयोग्य आहे, म्हणून प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षारस) घेत नाही’ असे म्हणणारे याच वचनाचा आधार घेतात.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. आदल्याच वचनात ‘अयोग्य प्रकारे’ हे क्रियाविशेषण आहे. ते घेण्याच्या रीतीबद्दल बोलते, घेणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. ती रीत कोणती होती तेही २१ व्या वचनात स्पष्ट आहे : काही जण आधीच जेवून घेत, कोणी उपाशी राही आणि कोणी प्यालेला असे. म्हणजे पौल तपासायला सांगतो ते मनातली उदासी नव्हे, तर पंक्तीत गरिबाशी केलेली वागणूक. आणि २८ व्या वचनाचा शेवट ‘मग खावे, मग प्यावे’ असा आहे. परीक्षण ही प्रभुभोजनाच्या मेजाकडे जाण्याची वाट आहे, मेजापासून परत फिरण्याची नव्हे.

तिसरे उत्तर

मथळ्यासाठी नव्हे, पण त्या पानाच्या मजकुरात ‘पदरी घेणे’ जरूर वापरा. योहानाच्या पहिल्या पत्रातल्या १:९ मध्ये मराठी बायबल ‘आपण आपली पापे पदरी घेतली तर’ असे म्हणते. मूळ ग्रीक शब्द ‘होमोलोगेओ’, म्हणजे तेच म्हणणे : माझ्या कृत्याला देव जे म्हणतो तेच मीही म्हणणे. ‘कबुली’ पोलीसही काढून घेतात. पदरी घ्यायचे ते आपल्या आपण.

गोव्याच्या कोकणीत पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे सांगण्याला, ‘कुमसार’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजवरून आला. पण कुमसार ही पुढची पायरी. आत्मपरीक्षण त्याच्या आधी येते, आणि कुमसाराला जायचे नसेल त्या दिवशीही करायचे असते.

चौथे उत्तर

मथळा ठरला तर आता पान कसे भरायचे ते पाहू. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात रोजच्या परीक्षणाचे पाच टप्पे आहेत : मिळालेल्या दानांबद्दल आभार, आपली पापे ओळखण्यासाठी कृपेची याचना, उठल्यापासूनचा तासातासाचा हिशेब (आधी विचार, मग शब्द, मग कृती), क्षमायाचना, आणि सुधारण्याचा निश्चय. शेवटी ‘हे आमच्या पित्या’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना. साधारण पाव तास पुरतो.

क्रम बदलू नका. बरेच जण थेट तिसऱ्या टप्प्यावर उडी मारतात आणि तिथेच फसतात. यिर्मया १७:९ प्रमाणे हृदय सर्वांत कपटी आहे. मग त्याच हृदयाने स्वतःची चौकशी केली तर अहवाल काय येणार? म्हणून दिवा आधी मागून घ्यायचा आणि मग आत पाहायचे. स्तोत्र १३९ च्या शेवटी भक्त देवालाच म्हणतो की तू मला तपास.

तिसऱ्या टप्प्यातली नेहमीची चूक म्हणजे मोघमपणा. ‘मी गर्विष्ठ आहे’ हे म्हणायला सोपे, किंबहुना म्हणताना जरा बरेही वाटते. ‘बैठकीत सहकाऱ्याने सुचवलेली कल्पना मी माझी म्हणून सांगितली’ हे जड जाते, आणि सुधारता येते ते तेवढेच : उद्या जाऊन त्याचे नाव सांगता येते. ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५५१ मध्ये गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगावीत असे ठरवले. त्यामागे हाच व्यवहार दिसतो.

दुसरी चूक, न केलेल्या गोष्टी सुटतात. मत्तय २५ मध्ये शेवटच्या न्यायाच्या वेळी डावीकडे उभ्या केलेल्यांवर ठेवलेला सगळा दोष न केलेल्याचा आहे : जेवू घातले नाही, भेटायला आला नाहीत. म्हणून विचार, शब्द, कृती यांच्या शेजारी ‘राहून गेलेले’ असा चौथा रकाना ठेवा.

एकाच दोषावर काम करायचे असेल तर त्याच ग्रंथात वेगळी पद्धत आहे. सकाळी उठताच त्या दोषाचे नाव घेऊन निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर हिशेब घ्यायचा. प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी, जितक्यांदा घसरण तितके ठिपके. घसरलो की लगेच छातीला हात लावायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आज कालशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायचा. एका वेळी एकच दोष घ्या. पाच घेतले की ठिपके वाढतात आणि माणूस वही मिटून टाकतो.

उपप्रश्न

पुस्तिका वृद्ध आणि हळव्या मनाच्या वाचकांकडेही जाणार आहे. अशा यादीने काहींची झोप उडते. त्यांच्यासाठी काय लिहावे?

उपप्रश्नाला उत्तर

ही शंका रास्त आहे. अशा सतत टोचणाऱ्या पापशंकेसाठी युरोपीय भाषांत रूढ झालेला शब्द लॅटिन ‘स्क्रुपुलुस’वरून आला आहे, त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. मराठीत ‘पापभीरू’ हे कौतुक आहे, त्यामुळे तो शब्द इथे चालणार नाही. ‘पापशंकेचा छळ’ असे सरळ लिहा.

इग्नेशियस यांचा नियम असा : शत्रू, म्हणजे सैतान, हळव्या मनाला आणखी हळवे करतो आणि निबर मनाला आणखी निबर, आपण उलट दिशेला जायचे. निबर माणसाने बारकाईने पाहावे. हळव्याने वेळ कमी करावा, एकाच धर्मगुरूचा सल्ला घ्यावा आणि एकदा निवेदन करून क्षमा मिळालेले पाप पुन्हा उकरू नये. पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:४) म्हणतो की माझे मन मला दोषी ठरवत नाही, तरी त्यामुळे मी निर्दोष ठरत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे. निवाडा आपल्या हातचा नाही, हे अशा वाचकाला आधी कळू द्या.

तेव्हा अशांसाठी त्याच पानाच्या तळाशी छोटी रीत छापा : एक आभार, एक चूक, एक क्षमायाचना, उद्यासाठी एक गोष्ट. पाच मिनिटे झाली की ‘हे आमच्या पित्या’ म्हणून झोपावे, यादी अपुरी राहिली तरी.