सर्टिफिकेट आपोआप रिन्यू होतं पण पी12 फाईल अजून हातानेच बनवतोय, हे पूर्ण ऑटोमेट कसं करायचं?

सर्व्हर_सांभाळणारा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे टॉमकॅटवर (जावाचा वेब सर्व्हर) चालणारे जावा अ‍ॅप आहेत आणि काही विंडोज सर्व्हर, आयआयएसवाले (विंडोजचा वेब सर्व्हर), त्यातले काही बरेच जुने. एका लिनक्स मशीनवर सर्टबॉट हे टूल लावलंय, ते लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं वेबसाईटचं सर्टिफिकेट वेळेवर आणतं, इथपर्यंत कुणाला हात लावावा लागत नाही. पुढचं सगळं मात्र माणूसच करतो, म्हणजे पेम (टेक्स्ट स्वरूपातल्या) फाईलींची पी12, म्हणजे सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की एकत्र असलेली पासवर्डवाली फाईल, बनवायची, विंडोजसाठी तीच पीएफएक्स म्हणून द्यायची, प्रत्येक सर्व्हरवर कॉपी मारायची, रिस्टार्ट करायचं. पूर्वी विकतचं सर्टिफिकेट वर्षभर चालायचं तेव्हा हे खपून जायचं. आता 90 दिवसांचं आहे, आणि विकतच्यांची मुदतसुद्धा सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था म्हणजे सीए आणि ब्राउझरवाले यांचं मंडळ) टप्प्याटप्प्याने खाली आणलीये, 15 मार्च 2026 पासून जास्तीत जास्त 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून 47. दर 47 दिवसांनी कुणीतरी सगळ्या सर्व्हरवर लॉगिन करून फाईल बदलत बसेल हे होणारच नाही.

एक बॅश स्क्रिप्ट लिहिलीये पण ती मनासारखी नाही. पासवर्ड सरळ कमांडमध्येच आहे, ते मला पटत नाहीये. जुन्या विंडोजवर फाईल इंपोर्ट करताना पासवर्ड चुकीचा म्हणतं, पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे कारण तीच फाईल माझ्या मशीनवर उघडते. आणि टॉमकॅटला नवीन फाईल दिली तरी ब्राउझरमध्ये जुनीच तारीख दिसत राहते. तुम्ही लोक हे कसं करता जरा सविस्तर सांगा, तयार टूल असेल तर तेही चालेल.

जावाकर

स्क्रिप्ट वेगळी क्रॉनमध्ये (लिनक्सचं वेळापत्रक) ठेवली असशील तर आधी ती तिथून काढ आणि सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये टाक. रिन्यूअल-हुक्स फोल्डरच्या आत डिप्लॉय नावाचा फोल्डर असतो, त्यात टाकलेली स्क्रिप्ट सर्टिफिकेट खरोखर नवीन आलं तरच चालते, आणि कुठलं आलं त्याचा पाथ रिन्यूड_लिनिएज या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मिळतो, म्हणजे डोमेनची नावं स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायची गरज नाही, एकच स्क्रिप्ट सगळ्यांना पुरते.

पी12 बनवताना ओपनएसएसएल या टूलच्या एक्सपोर्टला इनपुट म्हणून फुलचेन फाईल दे, नुसती सर्ट फाईल नको. नुसती सर्ट दिली की इंटरमीजिएट, म्हणजे तुमचं सर्टिफिकेट आणि रूट यांना जोडणारं मधलं सर्टिफिकेट, आत जात नाही, मग ब्राउझरमध्ये बऱ्याचदा सगळं ठीक दिसतं कारण ब्राउझर ते इंटरमीजिएट स्वतः शोधून आणतात, पण दुसरं जावा अ‍ॅप तुमच्या एपीआयला कॉल करायला गेलं की पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड म्हणून आपटतं आणि लोक दिवसभर भलतीकडेच शोधत बसतात. नेम ऑप्शन देऊन अ‍ॅलियस पण ठरवून टाक, नाही दिलास तर कीटूलमध्ये (जावाचं सर्टिफिकेट हाताळायचं टूल) तो नुसता 1 असा दिसतो.

पासवर्डबद्दल तुझं बरोबर आहे, कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड ती कमांड चालू असेपर्यंत त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला प्रोसेस लिस्टमध्ये दिसू शकतो. ओपनएसएसएलला पासवर्ड फाईलमधून किंवा एन्व्हायर्नमेंटमधून घ्यायला सांगता येतं, फाईलमधून घे आणि त्या फाईलचं परमिशन 600 ठेव. पण एक सांगतो, हा पासवर्ड टॉमकॅटच्या सर्व्हर एक्सएमएलमध्ये पण लिहिलेलाच असतो ना, म्हणजे ज्याला फाईल वाचता येते त्याला बहुतेक पासवर्ड पण वाचता येतो. तेव्हा खरं संरक्षण फाईल परमिशनचं आहे, पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत युमास्क 077 टाक म्हणजे फाईल जन्मालाच बंद दाराआड येते, नंतर चमॉड करायचं म्हटलं की मधला तो क्षणभराचा वेळ उघडा राहतो.

आणि चालू असलेल्या पी12 वर थेट लिहायचं नाही. त्याच फोल्डरात टेंपररी नावाने बनव, पासवर्ड देऊन एकदा उघडून बघ, आतल्या सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट नवीन पेमशी जुळतोय का तपास, सगळं जुळलं की मगच मूव्ह कर. एकाच फाईलसिस्टीमवर मूव्ह म्हणजे नुसतं नाव बदलणं, त्यामुळे अ‍ॅपला एकतर पूर्ण जुनी फाईल दिसते नाहीतर पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही.

विन_अ‍ॅडमिन

तुमच्या पासवर्ड चुकीच्या भानगडीचं कारण पासवर्ड नाहीच. तुमच्या लिनक्सवर ओपनएसएसएल 3 असणार. 2021 च्या सप्टेंबरमध्ये 3.0 आलं तेव्हा पी12 चं डिफॉल्ट एन्क्रिप्शन बदललं, आधी आरसी2 40 बिट आणि ट्रिपल डेस होतं, आता एईएस 256 आणि मॅकसाठी (फाईलमध्ये फेरफार झालाय का ते तपासणारा कोड) एसएचए256 आहे. बदल चांगलाच आहे, 40 बिटवर आज कुणी विश्वास ठेवू नये, पण विंडोज सर्व्हर 2016 आणि त्याच्या आधीच्यांना हे नवीन कळतच नाही, आणि कळत नाही असं म्हणायच्या ऐवजी ते पासवर्ड चुकला म्हणून सांगतात. विंडोज सर्व्हर 2019 पासून पुढे हा त्रास नाही. जुन्या जावा 8 ला पण हाच प्रॉब्लेम येतो, तिथे निदान एरर तरी खरा येतो, एचमॅक पीबीई एसएचए256 हा अल्गोरिदम उपलब्ध नाही असं सांगतं, जावा 8 चं नवीन अपडेट टाकलं की जातो.

नेटवर सगळीकडे लेगसी ऑप्शन लावा म्हणून लिहिलेलं असतं, पण त्याने परत तेच आरसी2 येतं. त्यापेक्षा सर्टपीबीई आणि कीपीबीई दोन्हीला ट्रिपल डेस द्या आणि मॅक एसएचए1 करा, जुनं विंडोज घेतं आणि लेगसी लावायची गरज पडत नाही. फक्त त्या जुन्या सर्व्हरपुरतीच ही वेगळी फाईल बनवा, बाकीच्यांना नवीनच द्या, एकासाठी सगळ्यांना खाली ओढू नका.

आयआयएसचं अजून एक, पॉवरशेलने पीएफएक्स इंपोर्ट केली म्हणजे काम झालं असं नाही, साईटचं बाइंडिंग (कुठल्या साईटला कुठलं सर्टिफिकेट याची जोडणी) थंबप्रिंटला, म्हणजे सर्टिफिकेटच्या ओळख-क्रमांकाला, चिकटलेलं असतं आणि नवीन सर्टिफिकेटचा थंबप्रिंट वेगळा, त्यामुळे बाइंडिंग पण स्क्रिप्टमधूनच बदलावं लागतं. साईट बऱ्याच असतील तर सेंट्रलाइज्ड सर्टिफिकेट स्टोअर बघा, सर्व्हर 2012 पासून आहे. एका शेअर फोल्डरात होस्टच्या नावाची पीएफएक्स टाकायची, आयआयएस त्या नावावरून स्वतः उचलतं, बाइंडिंगला हात लावावा लागत नाही. फक्त त्या फोल्डरातल्या सगळ्या फाईलींचा पासवर्ड एकच असावा लागतो.

सर्व्हर_सांभाळणारा

@विन_अ‍ॅडमिन दादा, ट्रिपल डेसवाली फाईल जुन्या सर्व्हरने लगेच घेतली, फार आभार. हुकमध्ये पण हलवलं सगळं. आता कंपनीच्या आतल्या सीएसाठी ट्रस्टस्टोर (कुठल्या सीएवर विश्वास ठेवायचा त्याची फाईल) पण ओपनएसएसएलनेच बनवायला गेलो, म्हणजे प्रायव्हेट की नसलेली, नुसतं रूट सर्टिफिकेट असलेली पी12. फाईल बनते, ओपनएसएसएलने उघडली तर आत सर्टिफिकेट दिसतं, पण जावा म्हणतं ट्रस्टअँकर्स पॅरामीटर रिकामा आहे. हे काय आहे?

जावाकर

ते ओपनएसएसएलने नको करूस. जावाला पी12 मधलं सर्टिफिकेट विश्वासाचं मानायला त्यावर एक खास अ‍ॅट्रिब्यूट लागतं जे ओरॅकलने ठरवलंय, ओपनएसएसएल ते आपणहून लावत नाही, त्यामुळे फाईलमध्ये सर्टिफिकेट असूनही जावाला ती रिकामीच दिसते. कीटूलच्या इंपोर्टसर्टने बनव, नोप्रॉम्प्ट दे म्हणजे स्क्रिप्ट हो-नाही विचारत थांबणार नाही. जावा 9 पासून कीटूल डिफॉल्टला पी12 च बनवतं, जेकेएसच्या (जावाचा जुना फाईल प्रकार) मागे लागायची आता गरज नाही.

लॉगवाली

मला थोडं वेगळं सांगायचंय. टॉमकॅटसाठी पी12 हवीच कशाला? टॉमकॅट 8.5 पासून पेम फाईली थेट देता येतात, सर्टिफिकेट फाईल, की फाईल आणि चेन फाईल. स्प्रिंग बूटमध्ये (जावा फ्रेमवर्क) पण 3.1 पासून एसएसएल बंडल आहेत, तेही पेम घेतात, आणि 3.2 पासून रीलोडचा पर्याय चालू केला तर फाईल बदलली की स्वतःच रीलोड करतात. जी फाईल बनवावीच लागत नाही ती बनवताना काही चुकत पण नाही, पासवर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न पण जातो. विंडोजला पीएफएक्स लागणार, काही जुन्या प्रॉडक्टना लागणार, तिथे बनवा, बाकीकडे एक पायरीच कमी करा.

जुनी तारीख का दिसते, तर टॉमकॅट सर्टिफिकेट सुरू होतानाच मेमरीत घेतं, डिस्कवर काय बदललं ते त्याला माहीतच नसतं. रिस्टार्ट न करता मॅनेजर अ‍ॅपमधून किंवा जेएमएक्सवरून (चालू जावा अ‍ॅपला सूचना द्यायची सोय) एसएसएल कॉन्फिग रीलोड करायला सांगता येतं, ती कॉल हुकच्या शेवटी टाका.

पण माझा खरा आग्रह मॉनिटरिंगचा आहे. लोक फाईलची एक्स्पायरी तपासतात, डिस्कवरची. फाईल नवी, सर्व्हर अजून जुनंच सर्टिफिकेट देतोय, आणि डॅशबोर्ड मात्र हिरवागार, हे मी फार ठिकाणी बघितलंय. तपासायचं ते बाहेरून, दुसऱ्या मशीनवरून, ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने पोर्टला कनेक्ट करायचं, सर्व्हरनेम नक्की द्यायचं नाहीतर भलत्याच साईटचं सर्टिफिकेट हातात येतं, आणि मिळालेलं सर्टिफिकेट चेकएंडला (इतक्या वेळात मुदत संपतेय का ते सांगणारा ऑप्शन) द्यायचं. चेकएंड सेकंदात घेतं, 20 दिवस म्हणजे 1728000. 90 दिवसांच्या सर्टिफिकेटला सर्टबॉट साधारण 30 दिवस उरले की रिन्यू करतो, म्हणजे 20 च्या खाली गेलं तर साखळीत कुठेतरी काहीतरी नक्की अडलंय आणि शोधायला अजून भरपूर वेळ आहे. आणि हो, लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी एक्स्पायरीची मेल पाठवायचं, ते त्यांनी जून 2025 मध्ये बंद केलं, तेव्हा मेल आली नाही म्हणजे सगळं बरं चाललंय असं धरून बसू नका.

क्लस्टर_मित्र

कुबरनेटिसवर (कंटेनर चालवायची सिस्टीम) असाल तर यातलं बरंचसं सर्ट-मॅनेजर हे त्यावरचं टूल करतं. सर्टिफिकेट रिसोर्समध्ये कीस्टोर्सखाली पीकेसीएस12 चालू करायचं आणि पासवर्ड कुठल्या सीक्रेटमध्ये (गुप्त माहिती ठेवायची जागा) आहे ते सांगायचं, रिन्यू झालं की सर्टिफिकेटच्या सीक्रेटमध्ये नवीन पी12 येऊन बसते. प्रोफाईल मॉडर्न2023 निवडा, जुनं जावा नसेल तर. पण पॉडमध्ये (अ‍ॅप चालणारा कंटेनर गट) सीक्रेट सबपाथने, म्हणजे एकच फाईल निवडून, माउंट केलं असेल तर नवी फाईल आत येतच नाही, पूर्ण फोल्डर माउंट करा.

सर्व्हर_सांभाळणारा

@लॉगवाली ताई, पेमचं डोक्यातच आलं नव्हतं, टॉमकॅट 9 आहे आमचं, तिथली पी12 काढूनच टाकतो. म्हणजे आता पीएफएक्स फक्त विंडोजसाठी उरली. शेवटचा प्रश्न, जुन्या पी12 फाईली तारीख लावून ठेवत आलोय, रोलबॅकला लागतील म्हणून. ठेवू का?

जावाकर

लगेच आधीची एक ठेव, नवी बाहेरून तपासून ओके आली की तीही काढ. रोलबॅक लागला तर पहिल्या काही तासांतच लागतो. बाकीच्यांमध्ये प्रायव्हेट की आहे हे विसरू नको, सर्टबॉट डिफॉल्टला प्रत्येक रिन्यूला नवीन की बनवतो पण सर्टिफिकेटची मुदत संपेपर्यंत जुनी की पण चालूच असते, आणि अशा फाईली बॅकअपमध्ये, कुणाच्या तरी डाउनलोड्समध्ये, गिटच्या हिस्ट्रीत पसरलेल्या असतात. गिट इग्नोरमध्ये पी12, पीएफएक्स, जेकेएस तिन्ही आजच टाक, आणि हिस्ट्रीत एखादी सापडली तर नुसती डिलीट करून थांबू नको, ते सर्टिफिकेट रिव्होक करून नवीन कीवर नवीन काढ.