मदत हवी आहे: प्रीपेमेंटनंतर हप्ता कमी ठेवू की मुदत?

होम लोन २० वर्षांचं, व्याज ९ टक्के फ्लोटिंग, ३ वर्षं झाली आणि मुद्दल फिटलंय जेमतेम ६ टक्के. परवा स्टेटमेंट उघडून बसलो तर अजूनही हप्त्यातल्या १०० पैकी ७८ व्याजात जातायत, डोकंच फिरलं.

गेलं वर्षभर दोघांनी हात आखडता घेतलाय. बाहेरचं खाणं बंद, जुनाच फोन चालवतोय (स्क्रीनला तडा आहे, पण फोन लागतो ना मग झालं), खर्च रोज वहीत लिहितो. त्यातून साधारण ३ हप्त्यांएवढे साठले ते लोनमध्ये भरले, तर बँकेने न विचारता हप्ता कमी केला आणि मुदत तशीच १७ वर्षं. विचारलं तर म्हणे अर्ज द्या, मुदत कमी करून देतो.

आता अडलंय इथे. एकाची नोकरी फारशी पक्की नाही आणि अडीअडचणीला फक्त ३ महिन्यांचा खर्च बाजूला आहे. म्हणून वाटतं हप्ता कमीच राहू दे, वाचलेला फरक आपणच दर महिन्याला मुद्दलात भरू, म्हणजे वाईट वेळ आली तर थांबता येईल. प्रीपेमेंटला चार्ज नाही, दुसरं कर्ज नाही, इन्शुरन्स आहे. बँक बदला प्लीज सांगू नका, ते बघून झालंय.

फरक नेमाने भरला तर मुदत कमी केल्याइतकंच व्याज वाचतं ना, की कुठे मेख आहे? आणि आधी ६ महिन्यांचा फंड पूर्ण करू का दोन्ही थोडंथोडं?