आरएक्स १००, व्हीएम २४: आयडल सोडताना गाडी बुडते. पायलट जेट लहान करू का?

घाटमाथा_वाई

राम राम मंडळी. गाडी यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक. सिलिंडर पोर्ट केलाय (आतल्या वाटा घासून मोठ्या केल्यात), चेंबर पाइप (फुगीर एक्झॉस्ट) आहे, एअर बॉक्स काढून कोन फिल्टर लावलाय आणि मूळच्या कार्ब्युरेटरच्या जागी मिकुनी व्हीएम २४. सेकंडहँड घेतला, जेट त्याच्यात होते तेच: पायलट (आयडल आणि हलक्या रेसचा) १७.५, मेन (पूर्ण रेसचा) १४०. निडलची (मधल्या रेसचं पेट्रोल ठरवणारी सुई) क्लिप मधल्या खाचेत. ऑइल पंप चालू आहे, प्रीमिक्स (पेट्रोलमध्येच तेल मिसळणं) नाही.

आयडलला (रेस न देता) व्यवस्थित उभी राहते. पण गर्दीत हळूच रेस दिली की 'भ्वाँ' करून बुडते, क्षणभर मेल्यासारखी होते आणि मग एकदम झेप घेते. पाव थ्रॉटलच्या पुढे काही तक्रार नाही, तिथून पुढे नुसती पळते. झटक्यात रेस दिली तर मात्र कधीकधी बंदच पडते.

सकाळी थंड असताना, चोक थोडा ओढलेला असेपर्यंत, त्रास नाही. तापली की सुरू. आणि एका गोष्टीचा अर्थच लागत नाही: वाईत जास्त बुडते, पसरणी घाट चढून पाचगणीला पोचलं की निम्मी बरी, महाबळेश्वरात जवळजवळ नाहीच. प्लग मात्र काळा आणि ओला. गॅरेजवाला म्हणतो पेट्रोल जास्त जातंय, पायलट १५ चा टाक. टाकू का?

आरडी_सांगली

प्लग काळा म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), यात विचार कसला? १५ टाक आणि निडलची क्लिप एक खाच वर घे. ऑइल पंपपण थोडा कमी कर.

जुना_मिस्त्री

१५ टाकू नकोस. आणि सांगलीकर, ऑइल पंपाला हात लावायला सांगू नका हो, पोराचा पिस्टन जाईल.

बाळा, उत्तर तूच लिहिलंयस आणि वर म्हणतोस अर्थ लागत नाही! उंचीवर हवा विरळ होते. जेट तेच, म्हणजे पेट्रोल जवळपास तेवढंच, हवा कमी. मिश्रण आपोआप रिचकडे सरकतं. वाई सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. वर गारवा असतो आणि गार हवा दाट, त्यामुळे थोडा हिशेब उलटा फिरतो, पण उंचीचं पारडं जड. आता बघ. वर गेलं की गाडी सुधारते. चोक ओढला, म्हणजे जादा पेट्रोल दिलं, की सुधारते. तापल्यावर चोक बंद केला की बिघडते. आयडलच्या जरा वर तुझी गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे. रिच असती तर महाबळेश्वरात आणखी भकभकली असती.

प्लगचं म्हणशील तर, तू गाडी ज्या थ्रॉटलवर चालवून बंद केलीस तिथला रंग तो दाखवतो. मेन मोठा असेल, तेल जास्त असेल, प्लग गाडीला थंड पडत असेल. त्या रंगावरून पायलट ठरवायचा नसतो. आमच्या धंद्यात निम्मी भांडणं या काळ्या प्लगवरून होतात.

या कार्ब्युरेटरला अॅक्सिलरेटर पंप (रेस देताच जादा पेट्रोल फवारणारा) नसतो. स्लाइड (रेस दिली की वर उचलला जाणारा पडदा) वर गेली की हवा लगेच आत घुसते, पेट्रोल जड, ते मागून येतं. मधली वेळ मारून नेतो पायलट, त्याच्याजवळचं बायपासचं बारीक भोक आणि स्लाइडचा कापलेला भाग.

पण जेट आणायला धावू नकोस. लीन दोन कारणांनी होते, पेट्रोल कमी किंवा चोरून हवा. कार्ब्युरेटर बदललाय म्हणजे तो इंजिनला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबरावर माझा पहिला संशय. गाडी आयडलला ठेवून रबर आणि रीडच्या (हवा आत घेणारी झडप) जोडावर कार्ब्युरेटर क्लीनर थोडा थोडा मार, तापलेल्या चेंबरवर उडू देऊ नकोस. आयडल बदलला तर गळती तिथेच. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सीलही बघ, ते गेलं की हवा ओढतं. क्लचच्या बाजूचं गेलं असतं तर गिअरचं तेल जळून पांढरा धूर दिसला असता.

आणि दोन गोष्टी कळव: एअर स्क्रू किती फेरे बाहेर आहे, आयडल स्क्रू किती आत?

घाटमाथा_वाई

काका, स्प्रे सगळीकडे मारला, आयडल हलला नाही. मॅग्नेटचं कव्हर काढलं, सील कोरडं आहे. एअर स्क्रू अर्ध्या फेऱ्यावर सगळ्यात छान चालते, त्याहून बाहेर काढला की बंद पडायला बघते. आयडल स्क्रू बराच आत दाबलाय, नाहीतर उभी राहत नव्हती. रेस सोडली की आवाज सावकाश खाली येतो.

जुना_मिस्त्री

झालं मग. व्हीएमचा एअर स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो. आत घेतला की हवा तुटते, मिश्रण रिच. तुझी गाडी तो जवळपास बंद करून मागतेय, म्हणजे पायलट लहान आहे. एक ते दोन फेऱ्यांत आयडल उत्तम लागला पाहिजे. (पुष्कळ फोर-स्ट्रोकला हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि सगळं उलटं होतं. मित्राच्या पल्सरचं ऐकून फिरवू नकोस.)

आयडल स्क्रूची गंमत ऐक. लीन गाडी उभी राहत नाही म्हणून माणूस स्लाइड उचलतो. स्लाइड उचलली की बायपासचं भोक आधीच उघडं पडतं, आणि रेस देताना जे पेट्रोल तिथून मिळायचं ते आयडललाच खर्ची पडलेलं असतं. आयडल सुधारल्यासारखा वाटतो, रोग पुढे ढकलला जातो.

२० टाक, मग २२.५. प्रत्येक वेळी आयडल स्क्रू मागे घेऊन, एअर स्क्रू नव्याने लावून, पूर्ण तापलेल्या गाडीवर बघ. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

नाशिक_टूस्ट्रोक

यात पेट्रोलचाही हात आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटवर ई२० लीनच चालणार. जुन्या जेटिंगवर नीट चालणाऱ्या गाड्या अशाच बुडायला लागल्यात. शिवाय गाडी महिनाभर उभी राहिली की पायलट चोंदतो, तेव्हा १७.५ स्वच्छ होता ना?

घाटमाथा_वाई

स्वच्छ होता दादा, उजेडाकडे धरून बघितला.

काका, २२.५ वर आलोय. एअर स्क्रू दीड फेरा, आयडल स्क्रू पुष्कळ मागे आला, रेस सोडली की आवाज पटकन खाली येतो. सिग्नलला आता बुडत नाही. फक्त अगदी पाव थ्रॉटलच्या अलीकडे किंचित अडखळ राहिलीय. रविवारी आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जायचा बेत आहे, चालेल ना?

जुना_मिस्त्री

ती अडखळ स्लाइडची. स्लाइडवर आकडा कोरलेला असतो. २.५ असेल तर २.० शोध, कापलेला भाग कमी म्हणजे तिथे मिश्रण रिच. मिळेपर्यंत क्लिप एक खाच खाली घेऊन बघ, निडल वर उचलली जाते. पूर्ण इलाज नाही, पण फरक पडेल.

पोलादपूरला जा, पण लक्षात ठेव, महाबळेश्वरात रिच वाटणारी गाडी खाली उतरल्यावर लीन होते. आणि लीन मेनवर हायवेला पूर्ण रेस म्हणजे सीज (पिस्टन अडकणं). १४० बदलायचं डोक्यात असेल तर ते पोलादपूरच्या हवेत ठरव, वर नाही. घाट उतरताना रेस बंद ठेवून गिअरवर गाडी तोलू नकोस, पंप बंद थ्रॉटलला तेल कमी देतो. मधूनमधून क्लच धरून थोडी रेस देत जा. उतरल्यावर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये चालव, क्लच धरून तिथेच स्विच बंद कर आणि मग प्लग काढून बघ. त्याचा फोटो इथे टाक.