परसात हुमले (झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या) पुन्हा कसे आणावेत?

आबोली_डिचोली:
नमस्कार मंडळी. आमचं घर डिचोलीजवळ, मागे आठशे चौरस मीटरचं परस. दोन मानकुराद आंबे, तीन काजू, एक चिकू, एक लिंबू, कुंपणाला बिंबल म्हणजे आंबट फळांचं झाड. लहानपणी काजूवर चढायचं तर आधी हुमल्यांचे चावे खायचे, हे ठरलेलंच. चार वर्षांपूर्वी घराची डागडुजी काढली तेव्हा कामगारांना चावतात म्हणून बाबांनी सगळी घरटी जाळून टाकली. आता दोन वर्षं झाली, काजूची कोवळी पालवी काळी पडून सुकते, मोहोरही करपतो. रोपवाटिकेवाला म्हणाला ढेकण्या आहे, म्हणजे पालवी-मोहोराचा रस शोषणारी कीड, लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे कीटकनाशक मारा. पण विहीर दहा पावलांवर आहे, कोंबड्या मोकळ्या फिरतात, मन होत नाही.

हुमले असले की ढेकण्या कमी राहतो, म्हणून मार्चमध्ये चुलतभावाने त्याच्या भाटातलं (बागायतीतलं) एक मोठं घरटं फांदीसकट कापून आमच्या काजूला बांधलं. आठवडाभर नुसती धावपळ! आता मे लागला, घरट्याची पानं वाळलीत आणि आत एकही हुमला नाही. काय चुकलं? परत आणायचे तर कसे?

कुळागरी:
ताई, भावाने कामकरी आणले, राणी तिकडेच राहिली. हुमल्यांची वस्ती म्हणजे एक घरटं नव्हे. एका वस्तीची घरटी चार-पाच झाडांवर पसरलेली असतात, मोठ्या वस्तीची शंभराच्या वरही जातात, आणि राणी बहुतेक एकच, एकाच घरट्यात. अंडी घालते ती. बाकी घरट्यांत अंडी-अळ्या नेऊन ठेवतात. राणीविना आणलेले कामकरी काही दिवस जगतात, नवे जन्मत नाहीत, संपलं.

आम्ही फोंड्याकडे दोनदा वस्ती हलवली, एकदा फसली. दुसऱ्या वेळी जे केलं ते सांगतो.

आधी वस्तीची हद्द शोधा. एका झाडावरचे दोन-चार हुमले काडीवर घेऊन शेजारच्या झाडावर सोडायचे. मिशा लावून वास घेऊन निघून गेले तर एकाच घरचे. पाय धरून ओढाताण सुरू झाली तर वस्ती वेगळी. हे न करता दोन वस्त्यांची घरटी एकाच झाडाला बांधलीत तर सकाळी खाली मेलेल्यांचा सडा. आमचं पहिल्यांदा तेच झालं.

एका वस्तीची जमतील तेवढी घरटी काढा, उंचावरची आणि वस्तीच्या मधल्या भागातली आधी, राणी तिथे असण्याचा संभव जास्त. संध्याकाळी काढा, बाहेर फिरणारे बरेचसे परत आलेले असतात. घरट्याखाली पोतं धरायचं, फांदी कापली की थेट पोत्यात, तोंड बांधायचं. राणी दिसली तर लगेच कळेल, पाऊण ते एक इंच लांब, हिरवट, पोट फुगलेलं. घरटी फोडून बघू मात्र नका.

लावताना पोत्याचं तोंड सोडून ते झाडाच्या बेचक्यात ठेवा, ते आपणहून बाहेर पडतात आणि नवी पानं शिवायला घेतात. शिवतानाचं जरूर बघा. एक ओळ पानाच्या कडा ओढून धरते, दुसरी अळ्या तोंडात धरून इकडून तिकडे फिरवते, अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. सुई-दोरा दोन्ही अळीच. त्या झाडावर आधीच काळ्या मुंग्यांचं राज्य असेल तर दुसरं झाड निवडा.

झाडं एकमेकांना टेकत नसतील तर काथ्याचं सुंभ बांधा, एका बुंध्यापासून दुसऱ्याच्या फांदीपर्यंत. खाली उतरायला लागलं की जमिनीवरच्या मुंग्यांशी लढाई होते. पहिले पंधरा दिवस मासळीचे टाकाऊ तुकडे आणि थोडं साखरपाणी द्या.

आणि हो, हे सगळं भावाच्या भाटातून. म्हादईच्या अभयारण्यातून काडीही उचलू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.

पेडणेकर_नातू:
थोडं विरुद्ध बोलतो. आमच्या दारातल्या आंब्यावर हुमले आहेत. ढेकण्या कमी, फळमाशी कमी, हे मान्य. पण पिठ्या ढेकूण आणि खवले किडी त्यांच्या पाळीव गायी! गोड चिकटा हवा म्हणून हुमले त्यांना राखतात, मग पानांवर काळी बुरशी. लिंबावर तर जास्तच. शिवाय पोस्टमन एकदा आंब्याखाली उभा राहिला, तो आजवर परत आंब्याखाली आला नाही. चावून वर आम्ल फवारतात, झोंबतंच. घराला टेकलेल्या झाडावर आणू नका.

कुळागरी:
खरं आहे. पिठ्या दिसला तर तेवढीच फांदी साबणाच्या पाण्याने धुवायची, सगळ्या झाडावर फवारणी नको. फळं काढताना आमच्याकडे हातापायांना चुलीतली राख फासतात, चढतात कमी. बाकी काही जणांना चावणारे तेच हुमले जेवणात चालतात. ओडिशातल्या सिमिलिपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकनही मिळालं.

निवांत_काका:
हा उपाय आजचा नाही. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी हीच घरटी बाजारात विकली जात, अशी नोंद इ.स. 304 च्या सुमाराची आहे. पुढे झाडाझाडांत बांबूचे पूलही बांधू लागले. तुमच्या सुंभाचे हे आजोबा.

बाबांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर परत काडी ओढतील.

आबोली_डिचोली:
बाबांनी स्वतःच सुंभ आणलं, म्हणाले विहिरीचं जुनं पडलंय ते वापर. चार घरटी आणून मधल्या काजूला लावली, सुंभ दोन्ही आंब्यांना. राणी दिसली नाही, पण अळ्या भरपूर. चिकू आणि लिंबू मुद्दाम बाजूला ठेवलेत.

आबोली_डिचोली (ऑक्टोबर):
पावसात मधल्या काजूवर सहा घरटी झाली, एका आंब्यावर दोन. म्हणजे राणी आलीच असणार ना? काजूला पालवी फुटायला लागलीय, अजून काळी पडलेली नाही, पण आत्ताशी कुठे सुरुवात आहे.

एक फोटो टाकते. बिंबलाच्या पानावर हा एकटाच दिसला. जवळ गेले तर टुणकन उडी मारून धाग्याला लटकला. नवी राणी का?

कुळागरी:
मेपासून घरटी वाढत गेली म्हणजे राणी आलीय. फोटोतल्याचे पाय मोजा.

आबोली_डिचोली:
आठ.

कुळागरी:
मग कोळी. हुमल्याचं सोंग घेऊन जगतो. डोक्यापुढे जे दुसरं डोकं वाटतंय त्या त्याच्या दाढा, म्हणजे नर. लांबून वाटतं एक हुमला दुसऱ्याला तोंडात धरून चाललाय. हुमल्यांच्या आसपासच सापडतो हा. कुठल्या झाडावर म्हणालात?

आबोली_डिचोली:
बिंबलावर. पण बिंबलाला आम्ही सुंभ लावलंच नव्हतं! थांबा, वर चढून बघते.