लघुमूर्तींचे डोळे दचकलेले का दिसतात?

प्रश्न:
मी पटावरील युद्धखेळांच्या २८ मिलिमीटर मापाच्या लघुमूर्ती अ‍ॅक्रिलिक रंगांनी रंगवतो. कपडे आणि शस्त्रे बऱ्यापैकी जमतात; परंतु डोळ्यात पांढरा रंग भरून मध्ये काळा ठिपका दिला, की प्रत्येक योद्धा भूत पाहिल्यासारखा दिसतो. शिवाय सर्वांत बारीक कुंचला घेऊनही रंग टोकावरच वाळतो. माझे कुठे चुकत असावे?

उत्तर १:
बुबुळाभोवती चारही बाजूंनी पांढरा भाग दिसला, की चेहरा घाबरलेला वाटतो. प्रत्यक्षात बुबुळाची वरची कड पापणीखाली झाकलेली असते. म्हणून ठिपक्याऐवजी वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी बारीक रेघ ओढावी. शुद्ध पांढऱ्यापेक्षा हस्तिदंती रंग सौम्य दिसतो. डोळ्याच्या खोबणीत आधी गडद तपकिरी भरून त्याची कड शिल्लक ठेवल्यास पापणीची रेषाही मिळते. डोळे त्वचेच्या आधी रंगवावेत, म्हणजे बाहेर गेलेला रंग त्वचेच्या रंगाने झाकता येतो.

उत्तर २:
अतिबारीक कुंचल्यात रंग फारसा मावत नाही, त्यामुळे तो मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच सुकतो. त्याहून जाड, पण टोकदार असा १ क्रमांकाचा कुंचला आणि ओली पॅलेट (ओल्या स्पंजावर कागद पसरलेली, रंग लवकर वाळू न देणारी रंगपाटी) वापरावी. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली, की हाताचा कंप बराच कमी होतो.

उत्तर ३:
माझे मत थोडे वेगळे आहे. सैन्यातील साध्या शिपायांच्या डोळ्यांच्या खोबणीत पातळ गडद रंग सोडला तरी पुरते, कारण हातभर अंतरावरून बुबुळे दिसतच नाहीत. ही सारी मेहनत सेनापतीसाठी राखून ठेवावी.