मांजराची किडनी, सलाईनची सुई आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

सोनीची आई

आमची सोनी चौदा वर्षांची. गेल्या महिन्यात लसीसाठी नेली तेव्हा डॉक्टरांनी वजन केलं, मागच्या वर्षीचं कार्ड काढून बघितलं आणि काही न बोलता पुन्हा वजन केलं. ४.१ किलोची ३.४ झाली होती. आम्ही आपले म्हणत होतो, वय झालं, अंग झडायचंच. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय तो आकडा, ३.८. डॉक्टरांनी कागदावर चार आडव्या रेघा मारल्या, किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्या, आणि पेन तिसरीवर ठेवलं.

पाणी जास्त पिते हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर कौतुकच वाटायचं. लोकांची मांजरं पाण्याला तोंड लावत नाहीत, आमची बघा कशी शहाण्यासारखी वाटी संपवते! लिटरमधले, म्हणजे तिच्या शी-शूच्या खोक्यातल्या वाळूतले, लिंबाएवढे गोळे मुठीएवढे झाले, तेही मीच रोज उपसत होते. किडनीला लघवी दाट करता येईना, पाणी तसंच वाहून जात होतं आणि ते भरून काढायला बिचारी वाटी चाटत बसायची. हे आता कळतंय.

सध्या एक दिवसाआड १०० मिली सलाईन, कातडीखाली, घरीच. डॉक्टरांनी दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा मी केलं. त्याला आता पंधरवडा झाला. काल संध्याकाळी मी चादर झाडायला म्हणून नुसती उचलली, तर सोनी थेट पलंगाखाली. चौदा वर्षं माझ्या उशाशी झोपलेली मांजर!

रोग बरा होत नाही हे मला नीट सांगितलंय आणि ते मी गिळलंय. मला विचारायचंय ते वेगळं. कुरवाळणारा हात आणि टोचणारा हात एकच झाल्यावर तुमचं मांजर तुमच्यावर रुसलं का? परत आलं का? घरात हे सगळं कसं निभावलंत? ज्यांची मांजरं गेली त्यांनीही लिहा. सविस्तर लिहा, रात्री मला झोप नसतेच.

भुऱ्याचा नोकर

आमच्या बोक्याला सव्वादोन वर्षं सलाईन दिलं. पहिला महिना तुमच्यासारखाच. तो फिस्कारायचा, मी घामाघूम, बायको पिशवी उंच धरून दुसरीकडे बघत. एकदा सुई कातडीच्या एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि अर्धी पिशवी माझ्या मांडीवर रिकामी झाली. मला वाटलं, काय भराभर जातंय आज!

काय बदललं ते सांगतो. एक, तो झोपायचा त्या खुर्चीवर सलाईन द्यायचं बंद केलं. वॉशिंग मशीनवर टॉवेल घालून जागा ठरवली. टोचायची जागा वेगळी, लाडाची जागा वेगळी. दोन, पिशवी आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची आणि थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचा, तान्ह्या बाळाचं दूध बघतात तसा. थंड सलाईन पाठीत शिरलं की अंग शहारतं, सुईपेक्षा त्याचाच त्याला जास्त राग होता. तीन, प्रत्येक वेळी नवी सुई. वापरलेली सुई आपल्याला धारदार वाटते, मांजराला नाही. बारीक सुई कमी दुखते पण धार इतकी हळू पडते की बोका वैतागतो. आमच्याकडे जरा जाड सुई आणि चार मिनिटांत सुटका हेच जमलं.

नंतर खांद्यावर पाण्याची फुगी येते आणि हळूहळू कोपरापर्यंत ओघळते. एका बाजूने ढोल्या पैलवानासारखा दिसायचा. घाबरू नका, काही तासांत जिरते.

रुसला होता. तीन आठवडे. मग एक दिवस सलाईन चालू असतानाच गुरगुरायला लागला.

दोन मांजरांची ताई

सलाईनचं मला माहीत नाही, आमच्याकडे लढाई खाण्यावर झाली. किडनीचं खाणं आणलं, जुनं त्याच दिवशी कपाटात बंद केलं. फॉस्फरस कमी, प्रथिनं मोजून, सगळं शास्त्रशुद्ध. मनीने हुंगलं आणि वाटीभोवतीची फरशी पंजाने उकरायला लागली, लिटरमध्ये घाण झाकतात तशी! मी म्हटलं, भूक लागली की खाईल. दोन दिवस खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला जे झापलंय! माणसाने दोन दिवस उपास केला तर पुण्य लागतं, मांजराने केला तर लिव्हरवर चरबी चढते आणि किडनीआधी तेच जीव घेतं.

मग जुन्यात एक चमचा नवं, पुढच्या आठवड्यात दोन चमचे. पूर्ण बदलायला दीड महिना लागला. आणि मळमळ असेल त्या दिवसांत नवीन खाणं पुढे करायचंच नाही. मळमळीशी त्या वासाची एकदा सांगड बसली की मग कायमची बसते.

मळमळ ओळखायलाही मला उशीर लागला. वाटीपाशी यायची, हुंगायची, ओठ चाटायची, घोट गिळल्यासारखं करायची आणि मान फिरवून जायची. मी म्हणायचे, नखरे वाढलेत. नखरे नव्हते. उलटी थांबवणारं औषध सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पायात घोटाळायला लागली.

काळी गेली, मी आहे

आमची काळी एका सकाळी भिंतीवर आपटली. आधी वाटलं धडपडली. मग दाराऐवजी चौकटीवर. तिला उचललं तर डोळ्यांच्या बाहुल्या खिडकीतल्या उजेडातही वाटोळ्या मोठ्या. रातोरात आंधळी. बीपी २२० च्या वर होतं आणि डोळ्यांमागचा पडदा सुटला होता. किडनीचे रिपोर्ट दर तीन महिन्यांनी होत होते, बीपी कुणी मोजलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. हे मला अजून खुपतं.

रोज अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचा एक तुकडा. एका डोळ्याला सावल्या परत दिसायला लागल्या, दुसरा गेला तो गेलाच. पण मांजर किती लवकर सावरतं! मिशांनी घर पाठ केलं. आम्ही फक्त कुठलंही सामान हलवायचं नाही एवढा नियम पाळला. दीड वर्ष अशी जगली.

सोनीचं बीपी बघितलंय का? नसेल तर उद्या फोन करा.

सोनीची आई

नाही बघितलं. करते उद्याच.

जनावरांची डॉक्टर

पेशाने हेच करते, पण घरच्या दोन मांजरांना हाच आजार झाला म्हणून इथे लिहितेय.

क्रिएटिनिनच्या एका आकड्याला धरून बसू नका. किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्यावर तो वर चढतो, म्हणजे तो बोलतो ते उशिराच. एसडीएमए नावाची तपासणी बहुतेकदा त्याआधी इशारा देते. दुसरी गंमत अशी, की क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. मांजर वाळलं की आकडा आपोआप खाली येतो आणि घरचे पेढे वाटायला निघतात. म्हणून वजनाची वही ठेवा. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून तोलते.

'आयरिस' या आंतरराष्ट्रीय गटाने ज्या पायऱ्या ठरवल्यात त्यांत तिसरी २.९ ते ५ पर्यंत आहे. पण तो आकडा मांजराच्या अंगात पुरेसं पाणी असताना, निदान दोनदा काढलेला हवा. शिवाय प्रत्येक पायरीत लघवीतली प्रथिनं आणि बीपी धरून पोटभाग असतात, तेही विचारून घ्या.

मान छातीशी झुकवून चालायला लागली तर पोटॅशियम तपासा, ते लघवीतून वाहून जातं. सलाईनचा उपचार चालू आहे तोवर, ती गाढ झोपली की एक मिनिट श्वास मोजा. ३० च्या वर सतत जायला लागले तर पुढची पिशवी लावू नका, फोन करा. जास्तीचं पाणी छातीत साठू शकतं. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

माझ्या स्वतःच्या मांजराला मी गोळी देऊ शकत नाही. दवाखान्यात दिवसाला वीस जणांना देते, घरी ती माझ्या तोंडावर थुंकते. नवरा देतो.

बोक्याचा बाबा

म्हातारपणाचंच सगळे लिहिताहेत. आमचा दोन वर्षांचा होता. घरी फुलांचा गुच्छ आला, त्यात लिली. टेबलावर पिवळी पूड सांडलेली आणि याच्या नाकावर तीच. मी हसून फोटो काढला. संध्याकाळी ओकला, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात मुटकुळं. लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी बंद पाडतं हे मला चाळिशीत कळलं. चार दिवस शिरेतून सलाईन. वाचला. क्रिएटिनिन २.१ वर थांबलंय, तिथेच आहे. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, पुसवत नाही.

तेवीस दिवस

वरच्यांपेक्षा वेगळं लिहितेय, राग मानू नका. मी सलाईन थांबवलं.

माझी चौथ्या पायरीवर होती, सतरा वर्षांची. रोज सलाईन, चार औषधं, सिरिंजने खाणं. एके दिवशी हिशेब केला. दिवसातून नऊ वेळा मी तिला पकडत होते आणि एकदाही नुसती जवळ घेत नव्हते. माझं पाऊल वाजलं की ती कपाटामागे. डॉक्टरांशी बोलले. त्यांनी मळमळीचं औषध तेवढं ठेवलं, बाकी बंद. 'कमी दिवस मिळतील,' ते म्हणाले. तेवीस मिळाले. सहाव्या दिवशी ती कपाटामागून बाहेर येऊन माझ्या पोटावर चढली. नंतर उन्हाच्या पट्ट्यात झोपणं, हवं ते खाणं, तेही दोन-तीन घास.

चोविसाव्या दिवशी पाणी प्यायला उठली आणि वाटीत तोंड घालून तशीच बसून राहिली, न पिता. डॉक्टर घरी आले. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. डोळे मिटत नाहीत हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून सांगतेय. मी बोटाने मिटायला गेले, पुन्हा उघडले.

भुऱ्याचा नोकर

तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. मला तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर भांडलो असतो. भुऱ्याच्या शेवटच्या महिन्यात मी सलाईन चालूच ठेवलं होतं, आणि ते त्याच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी बायकोला अजून विचारलेलं नाही. पण सोनी तिसरीवर आहे, खाते आहे. तिच्यासाठी आत्ताच थांबवायचा विचार करू नका एवढंच म्हणेन.

तेवीस दिवस

हो, ते माझंही म्हणणं आहे. तिसरी आणि चौथी यांत फार अंतर असतं.

नुसता वाचक

लिहायला फारसं नाही. आमच्या म्हाताऱ्याला लिटरच्या खोक्याचा काठ चढवेना, म्हणून बाजूलाच करायचा. आम्ही घाणेरडा म्हणून ओरडायचो. एका बाजूने काठ कापला, प्रश्न मिटला. पाण्याच्या वाट्या पाच केल्या, प्रत्येक खोलीत एक.

सोनीची आई

पाच आठवडे झाले, कळवायचं राहिलं. बीपी १७५ निघालं, पुन्हा मोजलं तरी तेवढंच, गोळी सुरू झाली. काळीच्या आईला काय म्हणू! क्रिएटिनिन ३.३, वजन ३.४५. पेढे वाटत नाहीये डॉक्टरीणबाई, वजन वाढूनचा आकडा आहे.

सलाईन आता बाथरूममधल्या स्टुलावर देते. कोमट करून. पिशवीचं प्लॅस्टिक वाजलं की सोनी अजूनही पलंगाखाली जाते, तिला ओढून काढावं लागतं आणि ती मला जे काही म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पलंगावर मी सुई नेत नाही, एकदाही नाही.

काल रात्री सलाईन झाल्यावर दोन तास कपाटावर पाठ करून बसली होती. पहाटे कधीतरी जाग आली तर माझ्या दंडावर ओलं नाक, आणि कोपरापाशी ती पाण्याची फुगी, अजून पुरती न जिरलेली. मी हलले नाही. हात बधिर झालाय, उठायची वेळ टळून गेलीये, म्हणून हे एका अंगठ्याने टाइप करतेय. चुका झाल्या असतील तर समजून घ्या.