धावपट्टीची जमीन पुन्हा पिकाखाली आणायची आहे

भीमाकाठ:
पंढरपूर भागात आमची काळी जमीन वडिलांनी एका खाजगी कारखान्याला भाड्याने दिली होती. मालकांचं छोटं विमान तिथं उतरायचं. करार संपला, जमीन परत आली. 800 मीटर लांब, 30 मीटर रुंद, म्हणजे सहा एकरांना जरा कमी. डांबर नाही, नुसती हरळी. पण रोलर फिरवून अशी आवळलीय की पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. पट्टी उताराला आडवी, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी तुंबतं. आई म्हणते, सरळ ऊस लाव. काय करू?

शिवारकाका:
ऊस यंदा नको, आईला सांगा. आधी दोन-तीन ठिकाणी गुडघाभर खड्डे घ्या. घट्ट थर कुठं सुरू होतो, कुठं संपतो आणि खाली मुरूम पसरलाय का, ते बघा. मग सबसॉयलर, म्हणजे खोलवरचा घट्ट थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, त्या थराच्या खालून गेला पाहिजे. तोही एप्रिल-मेमध्ये, जमीन खडखडीत वाळल्यावर. ओलीत फाळ नुसती गुळगुळीत चीर पाडतो, ढेकूळ फुटत नाही. पट्टीच्या मध्ये उंचवटा असेल तर लगेच जेसीबी लावू नका, वरची चांगली माती निघून जाते. आणि रोटाव्हेटर तर अजिबात नको! हरळीचे जितके तुकडे, तितकी नवी रोपं. खोल नांगरून उन्हात तापू द्या, काश्या, म्हणजे हरळीची मुळं, वेचून जाळा.

जुनाकागद:
कागदही बघा. जमीन अकृषक, म्हणजे बिनशेती, केली होती का? गाव नमुना 2, म्हणजे तलाठ्याकडची बिनशेती साऱ्याची नोंदवही, तपासा, नाहीतर पिकवाल शेती आणि भराल बिनशेती सारा.

आभाळवेडा:
टाटांची टपाल विमानं सुरुवातीला जुहूच्या मातीच्या मैदानावरून उडायची. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं, म्हणून मुक्काम पुण्याला हलवत. तेव्हा आधी चर काढा दादा!

भीमाकाठ:
खड्डे घेतले. मुरूम नाही, सुटलो. वीतभर खाली घट्ट थर, दीड फुटाला मोकळी माती. सारा शेतीचाच आहे. चर वरच्या बांधाने काढून ओढ्याला सोडतोय. हिरवळीच्या खतासाठी जमिनीत गाडायला ताग पेरू की धैंचा?

शिवारकाका:
पाणी तुंबतं ना, मग धैंचा. एकरी 20 ते 25 किलो बी, दीड महिन्यात फुलावर यायच्या आत गाडा. रब्बीला हरभरा घ्या. उसाचं पुढच्या वर्षी बघू, तेही पुन्हा खड्डा घेऊनच.